प्लास्टिकचे जॅक आणि जिऱ्याचा डबा

गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करायला धडपडणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

नव्वदच्या सुमारास आम्ही गिरगाव सोडून भाईंदरच्या नवघर भागात राहायला आलो. नोकरी होती, ब्लॉक होता, फक्त लग्न जमत नव्हतं. आणि मी? आईचा जिऱ्याचा पत्र्याचा डबा पळवून त्यात गिटारचा आवाज फाटका करणारं पेडल बनवत बसलो होतो! गिटारची पिन खुपसायला जॅक कुठले घ्यायचे, एवढंच ठरत नव्हतं.

"मेटल का ले जाओ, साब," दुकानदार म्हणाला.

"और शॉक लगा तो?" (नऊ व्होल्टच्या बॅटरीचा!)

मी प्लास्टिकचे आणले. धातूचा जॅक डब्याला टेकला की डब्यालाही अर्थिंग मिळतं आणि तो बाहेरचे नको ते आवाज अडवतो, हे मला कुठलं ठाऊक!

त्याच आठवड्यात रविवारी, सांगून आलेल्या मुलीचे वडील, रोह्याचे भातशेतीवाले नाना, मुलीला घेऊन आमचं घर बघायला आले. मुलगी मला फोटोतच आवडली होती. त्यामुळे पोह्यांच्या बशा मीच पुढे करत होतो.

"छंद काय आपला?" नानांनी विचारलं.

"वाचन!" आई म्हणाली.

"मग ती कोपऱ्यातली गिटार कोणाची?" मुलीने विचारलं. "वाजवा ना!"

डब्यात पिन खुपसली, तार छेडली. गिटार राहिली बाजूला, ॲम्प्लिफायरमधून धीरगंभीर आवाज आला, "भातावरील तुडतुड्यांच्या बंदोबस्तासाठी..."

माझा डबा रेडिओ स्टेशन पकडत होता! मी वायर हलवली, तर आवाज आणखी स्वच्छ!

"अरे, हा तर माझा जिऱ्याचा डबा!" आई किंचाळली.

संपलं. मोडलं लग्न! मी पिन उपटायला वाकलो.

"हात लावू नका!" नाना ओरडले. तुडतुड्यांचं औषध सांगून होईपर्यंत कोणी घास गिळला नाही. मग ते आईला म्हणाले, "आमचा रेडिओ कधीपासनं मुका पडलाय. मेकॅनिकनेपण हात टेकले. आणि यांनी जिऱ्याच्या डब्यात स्टेशन लावलं! मुलगा हुशार आहे हो तुमचा!"

लग्न झालं. तेव्हापासून सासरी गेलो की पडवीत गावभरचे बिघडलेले रेडिओ माझी वाट बघत असतात. मी एकेक उघडतो, आठ्या घालून आत डोकावतो आणि जड आवाजात सांगतो, "नाना, याचा पार्ट हल्ली मिळत नाही!"