आतलं पॅड

गॅरेजात तिचं नाव पडलं होतं 'उघडूनबघू'. गाडी कुठलीही येवो, तिचं पहिलं वाक्य तेच. वीस वर्षं ती ब्रेकचीच कामं करत होती. गिऱ्हाइकं कटकट करायची, पण गाडी दुसरीकडे न्यायची नाहीत.

एका सकाळी तिचा थोरला भाऊ गाडी घेऊन आला. आईला घेऊन धाकट्या बहिणीकडे जायचं होतं, वाट घाटातली.

"पुढचे पॅड नवे आहेत, मागचे मी बघितलेत. तू फक्त हवा तपास."

"मागचे कुठून बघितलेस?"

"चाकाच्या फटीतून. चांगले जाड आहेत."

"उघडून बघू."

"झालं! आई तिकडे पिशव्या घेऊन दारात बसलीये."

"बसू दे. हँडब्रेक सोड."

पुढच्या चाकांना ठोकळे लावून तिनं गाडी मागून उचलली, खाली स्टँड सरकवले, चाकं काढली. उजवीकडे सगळं ठीक होतं. डावीकडचं बाहेरचं पॅडही खरंच जाड. दादानं भुवया उडवल्या. तिनं पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर सोडवून तारेनं टांगला, आतलं पॅड काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. घासणारा मसाला संपून नुसता पत्रा उरला होता. डिस्कला आतल्या अंगानं नख अडकेल असे चरे पडले होते.

"कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या गंजून बसल्यात. सगळा भार आतल्या पॅडवर."

"मग आवाज कसा नाही आला?"

"गाणी केवढ्यानं लावतोस!"

दादाचा चेहरा उतरला. "तुला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं," ती म्हणाली. मग घरी कधीच न सांगितलेलं तिनं सांगून टाकलं. कामाला लागून तिसरं वर्ष होतं. एक टॅक्सी तिनं अशीच बाहेरून बघून सोडली. ब्रेक न लागून टॅक्सी भिंतीवर आदळली, ड्रायव्हरचा गुडघा गेला. ती त्याला भेटायला दोनदा गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. तिसऱ्यांदा चूक कबूल केली. त्यानं नुसती मान फिरवली.

"घरी का नाही बोललीस?"

"तू म्हणाला असतास, हे बायकांचं काम नाही."

दादानं पॅड खाली ठेवलं. "म्हणालो असतो," तो म्हणाला.

त्यानं आईला फोन लावला. उद्या निघायचं म्हटल्यावर आईनं त्याला असं फैलावर घेतलं, की शब्द न् शब्द हिलाही ऐकू आला. दुपारी नव्या डिस्क आणि पॅड आले. तिनं दोन्ही बाजू बदलल्या, पिना साफ करून ग्रीस लावलं, दादाला शेजारी बसवून गाडी फिरवून आणली. सकाळी मायलेक निघाले.