खांद्याचं माप

नवी वस्तू विकत घेऊन त्याच दिवशी ती दुरुस्तीला आणणाऱ्या माणसांचा मला आयुष्यभर तिटकारा आहे. मी सुतार. बहरीनच्या हमद टाउनमध्ये घरं उठत होती तेव्हा त्यांची दारं-खिडक्या बसवण्यात माझा आठवडा जायचा, आणि शुक्रवारची सुट्टी असल्या शहाण्यांच्या अर्धवट वस्तू पुऱ्या करण्यात. त्यांतला सगळ्यांत मोठा शहाणा माझ्याच खोलीत झोपायचा.

उम्म अल हस्समच्या त्या खोलीत आम्ही सहा जण होतो. हा ड्रायव्हर, मालवणकडचा, माझ्या शेजारच्या गावचा, ताडमाड उंच. गावी त्याची काजूची बाग होती आणि बागेत माकडं. त्या वर्षी त्यांनी निम्मं पीक नासवलं होतं. बायकोने पत्रात लिहिलं होतं, की पुढच्या वर्षीही असंच झालं तर मला एकटीला जमणार नाही, बाग दुसऱ्याला करायला द्या. बाग गेली असती तर तो मोडला असता, कारण ती स्वतःच्या हाताने लावूनच तो बहरीनला आला होता. माकडं मारायची नाहीत, मारुतीची जात, नुसती हाकलायची. म्हणून त्याने छऱ्याची बंदूक न्यायचं ठरवलं.

बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत मासेमारीचे गळ विकणाऱ्या एका दुकानात दोन बंदुका होत्या. एक लांब, महाग, हातात घेतली की चालवायची. दुसरी आखूड आणि स्वस्त. दुकानदार प्रामाणिक होता. त्याने हिंदीत स्पष्ट सांगितलं, की ही लहान चणीच्या माणसासाठी आहे, तुमच्या खांद्याला बसणार नाही, मागे लाकूड वाढवून घ्यावं लागेल. मी म्हटलं, लांब घे. लाकूड, स्क्रू, पॉलिश आणि माझे शुक्रवार धरले तर ही स्वस्त कुठे पडते? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

"तू आसस मां? मग झाला," तो म्हणाला, आणि आखूड बंदूक काखोटीला मारून निघाला.

'तू आहेस ना' हे तीन शब्द उच्चारून माणसं जगात किती कचरा विकत घेतात, ते सुताराला विचारावं. खोलीत प्रत्येकाने मत दिलं. बंदूक एकानेही कधी चालवली नव्हती, त्यामुळे मतं ठाम होती. कुणी पट्टा लाव म्हणालं, कुणी नळी काळी कर. वसईचा एक जण हॉस्पिटलात क्लार्क होता, त्याने नुसतं 'रेडीमेड घ्यायची होतीस' म्हटलं, तर बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं.

मी सागवानाचा तीन बोटं जाडीचा तुकडा घेऊन खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याला मागून जोडला. हे महाशय दर पाच मिनिटांनी आरशासमोर उभे राहून नेम धरत आणि 'अजून जरा' म्हणत. त्यात माझे दोन शुक्रवार गेले. पण खोटं कशाला बोलू, जोड दिसत नव्हता, आणि मनातून मीही फुगलो होतो. डिसेंबरात तो बंदूक घेऊन सुट्टीवर गेला, घरी ठेवून आला आणि आता माकडं खलास म्हणून सगळ्यांना सांगत सुटला.

मार्चमध्ये मी सुट्टीवर गेलो. त्याने दिलेली साबणाची नि कपड्यांची पिशवी पोचवायला त्याच्या घरी गेलो, तर बागेत त्याची बायको रॉकेलचा रिकामा डबा बडवत होती आणि माकडं झाडावर बसून तिच्याकडे बघत होती. बंदूक माजघरात खुंटीला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. मी जरा रागानेच विचारलं, की एवढी मेहनत केली ती भिंतीला टांगायला का.

ती खाली बघत म्हणाली, "भावजी, माझो हात पोचणा नाय. त्यांका सांगू नकात."

बाई माझ्या खांद्याएवढीही नव्हती. दस्ता खांद्याला लावला की बोट चापापर्यंत जातच नव्हतं. दोन शुक्रवार मी त्याच्या खांद्याचं, त्याच्या हाताचं माप घेत बसलो. बागेत उभं कोण राहणार, हे ना त्या गाढवाच्या डोक्यात आलं ना माझ्या.

मी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. नको म्हणाली, ते आले की त्यांना लहान होईल. मी ऐकलं नाही. माझा तुकडा काढून टाकला आणि बंदूक तिच्या हातात दिली. दुकानात होती तशीच ती तिला बसत होती. तिने पानांत एक छरा सोडला आणि माकडं पलीकडच्या बागेत गेली.

बहरीनला परत आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि मी घराक गेलंय की माका ती कशी बसतली?"

"तू थंय पाहुणो," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण त्या सुट्टीत माझ्याच घरात साखर कुठे ठेवतात हे मी बायकोला तीनदा विचारलं होतं.