कर्णिक बाईंची कुपी

माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. उकाड्यात सगळा दंड घामेजतो, वण तेवढा कोरडा राहतो. तिथल्या कातडीत घामाच्या ग्रंथी उरलेल्या नाहीत. रविवारी दुपारी त्यावर बोट ठेवून मी आडवी पडते. डोळा धड लागत नाही. उद्या आमची प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलणार. माणसं जुना फ्रीजर उचलतील, आणि त्याच्या तळाशी माझ्या शिक्षिका कर्णिक बाईंची कुपी आहे. आत देवीच्या खपल्या. रोग जगातून गेला, त्या राहिल्या; त्यांतला विषाणू अजून जिवंत असू शकतो. दोन महिने मला ठाऊक आहे आणि मी गप्प आहे.

कूस बदलते तर कॉटच्या कडेला बाई बसल्या आहेत. त्यांना जाऊन वर्ष झालं.

"बाही वर घे."

"मला टोचलंय, बाई."

"सगळे असंच म्हणतात."

खोली लांबत जाते, प्रयोगशाळेचा कॉरिडॉर होते. फरशी संपते आणि पायाखाली बिहारमधली मऊ माती लागते; देवी निर्मूलनाच्या मोहिमेत बाई तिथे होत्या. बाई तरुण आहेत, खांद्याला पिशवी. समोरच्या झोपडीच्या दारात आमचा फ्रीजर घरघरतो आहे. दोन माणसं तो उचलायला वाकली आहेत.

"रशियाची लस, अमेरिकेची दुतोंडी सुई," बाई म्हणतात. "एकमेकांवर बॉम्ब रोखून बसलेले दोघे, माझ्या एका पिशवीत."

"खपल्या जाळल्या का नाहीत?"

"या झोपडीतल्या पोरीच्या आहेत. आमच्या भागातली शेवटची रुग्ण. बरी झाली, हसली. जाळायला हात होईना." मग जरा चिडून, "त्या दोन्ही देशांनी आपापल्या घरी देवीच्या विषाणूचा साठा ठेवलाच ना? त्यांनी ठेवला तर विज्ञान, मी ठेवला तर गुन्हा?"

"त्यांनीही ठेवायला नको होता."

"मग बोलत का नाहीस?"

"नव्या ग्रंथालयाला तुमचं नाव देतायत. चौकशी झाली की ते जाईल."

"मी मेलेय गं, मृणाल. ती माणसं कुपी फोडतील, आणि तू माझी पाटी पुसत बस."

बाई कापूस पाण्यात बुडवतात. स्पिरिट नाही, स्पिरिटनं लस मरते. कापूस दंडावर गार लागतो. त्यांच्या मागे फ्रीजर कलंडतो.

मी उठून बसते. पंखा फिरतो आहे. घाम वाळून दंड कोरडा झाला आहे. वण तेवढा ओला आहे, आणि गार.

तो न पुसता मी संचालकांना फोन लावते.

"सर, उद्या जुन्या फ्रीजरला कुणी हात लावायचा नाही. त्यात देवीच्या खपल्या आहेत. कर्णिक बाईंनी ठेवलेल्या. तुम्ही वर कळवा, नाहीतर मी कळवते."