वीतभर हाक

केळी मंडीत सुभेदार बोली पुकारायला उभा राहिला की गेटाबाहेर ट्रकखाली झोपलेले ड्रायव्हर उठून बसायचे. असा आवाज. आणि घरी, त्याच्या फौजेत, त्याची हाक जायची फक्त एक वीत. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. त्यापलीकडचा शिपाई समोर कापला गेला तरी सुभेदार त्याला हात लावायचा नाही. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आता पाहायची इच्छाही राहिली नाही.

खऱ्या फौजेत तो कधीच नव्हता. सुभेदार हे नाव आमच्या लोधीपुऱ्यातल्या लोकांनी चिडवायला ठेवलेलं. त्याच्या एका मावसभावाने परदेशातून बोटाच्या पेराएवढ्या शिपायांचे डबे आणून दिले होते, सोबत खेळाच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक. पुस्तक त्याने याच्या-त्याच्याकडून वाचवून घेतलं आणि पाठ केलं. शिपाई नेलपॉलिशने रंगवले, अर्धे मराठे, अर्धे मुघल. मी पॉवरलूमवर होतो, कोरं कापड माझ्याकडचं. ते खाटेवर अंथरायचं, खाली उशा सारून टेकड्या करायच्या, अस्तराच्या निळ्या पट्टीची तापी सोडायची. मी कायम मुघल. का, तर तो म्हणायचा, "तुला ऐकू येत नाही बहिऱ्या, आणि बादशहालाही कोणाचं ऐकू येत नव्हतं. जोडी जमते."

मला खरंच कमी ऐकू येतं. लूमने कान खाल्ले. सगळ्या बुऱ्हाणपुरात एकच आवाज मला पहिल्या हाकेत कळायचा, तो याचा. घरात माझी बायको कमलसुद्धा मला काही सांगायचं असलं की खांद्याला हात लावून समोर यायची.

तर खेळ असा. शिपाई किती मेले याला त्यात फार किंमत नाही. किंमत धिराला. शेजारची टोळी पळाली, सरदार पडला, पाठीमागून शत्रू आला, की तुमच्या टोळीने धीर बघायचा. म्हणजे फासा टाकायचा. दान कमी पडलं की टोळी तोंड फिरवून पळत सुटणार. तिला पळताना पाहून पुढची फासा टाकणार. असं करत अख्खी फौज मैदान सोडते, आणि मेलेले बघावे तर मूठभर. मला आधी हे पटायचं नाही. मी म्हणायचो, "अरे माझे शंभर उभे आहेत, हरलो कसा?"

"उभे कुठे? मनातून कधीच घरी गेले ते," सुभेदार म्हणायचा. "मरणारा फौज नाही हरवत. बघणारा हरवतो."

आणि ती वीत. सेनापतीपासून एक वीत अंतरावर जेवढ्या टोळ्या, तेवढ्यांनाच त्याचा हुकूम. लांबच्यांना हुकूम द्यायचा तर घोडेस्वार पाठवायचा, आणि त्या स्वारासाठी पण फासा. एकदा त्याचे सगळ्यात चांगले घोडेवाले झाडीमागे उभे होते. त्यांना शेवटचा हुकूम होता 'थांबा'. मी तोफा लावल्या. याने स्वार पाठवला, तो वाटेतच पडला. झालं. हा मांडीवर हात ठेवून बसला आणि मी त्याचे घोडे एकेक करून आडवे पाडत गेलो. शेवटी मलाच राहवेना.

"अबे हलव ना एखादा. कोण बघून राहिलं इथे?"

"ते बघून राहिले ना," तो शिपायांकडे बोट करून म्हणाला.

पळणं आणि हटणं यात तो फार फरक करायचा. पळणारा पाठ दाखवतो, कोणाचं ऐकत नाही, हत्यार टाकतो. हटणारा तोंड शत्रूकडे ठेवून पाऊल पाऊल मागे येतो, आणि ते हुकमाने. तो हुकूम धीर शाबूत आहे तोवरच देता येतो. उशीर केला तर मग कोणी ऐकणारा उरत नाही. सुभेदार तळहात वर करून गरजायचा, "हटवा!" एवढ्या जोरात, की समोरच्या घरची भाभी खिडकीतून विचारायची, "भैया, मेरी स्कूटी हटाऊं क्या?"

मी हसायचो. त्याला राग यायचा. "हसू नको बे. हटवा म्हणायला छाती लागते. लढा म्हणायला काय लागतं? ते कोणीही म्हणतो."

कमल गेली ते दिवस मला नीट आठवत नाहीत. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि घेऊन गेला. लोक आले, रडले, आपापल्या गावी गेले. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. दार उघडायचो नाही. केळीचा हंगाम भरात होता, आणि सुभेदार मंडी सोडून माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागला. आडत्यांनी दुसरा पुकारणारा ठेवला तरी हा बसून. मी दाराच्या फटीतून त्याला आईमाईवरून शिव्या दिल्या.

"दे," तो म्हणाला. "शिव्या देणारा अजून पुरता पळालेला नसतो."

"तुला काम नाही काय?"

"आहे ना. हेच." मग नियम सांगावा तसं सांगू लागला, की पळालेल्या टोळीला सावरायचं तर सेनापतीला स्वतः तिच्याजवळ जाऊन उभं राहावं लागतं, आणि त्या पाळीत त्याला दुसरीकडे कुठेच हुकूम देता येत नाही. तिकडे मैदानात काही का होईना. "आता कापड अंथर. नाहीतर मी इथेच पुकारायला लागतो, लोक जमतील."

मी कापड अंथरलं. खेळ कोण जिंकलं ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी जेवलो, हे माहीत आहे.

पुढे त्याचा घसा बसला. पुकारणाऱ्याचा घसा बसतोच, म्हणून त्यानेही लक्ष दिलं नाही, मीही नाही. हळद-दूध, मुलेठी, सगळं झालं. तंबाखू काही सुटली नाही. त्याचा मुलगा दिनेश इंदूरला नोकरीला. तो त्याला तिकडे घेऊन गेला, आणि डॉक्टरांनी घशातली आवाजाची पेटीच काढून टाकली. परत आला तेव्हा गळ्यावर भोक, त्यावर पातळ कापड. मला बघून हसला आणि तोंड हलवलं. आवाज नाही. मंडी जागी करणारा आवाज, मला ऐकू येणारा एकुलता एक, तिकडे कुठल्या तरी कचऱ्याच्या डब्यात गेला.

दिनेशने त्याला मोबाईलवर लिहायला शिकवलं. मी चौथी शिकलेलो, चष्म्यातून एकेक अक्षर लावेपर्यंत हातातला चहा गार व्हायचा. एक दिवस वैतागून त्याने फोन खाटेवर आपटला आणि नुसतेच ओठ हलवले. मला कळलं. तो म्हणाला होता, "मला कोंबडीसारखं चिरलं रे."

कळणारच. लूमच्या खटखटीत कोण कोणाचं ऐकतो? जन्मभर आम्ही लूमवाल्यांनी एकमेकांचे ओठ वाचले. चहा आला, शेठ आला, धागा तुटला, बायको बाळंत झाली, सगळं ओठांवर. ज्या शब्दांना ओठ सारखेच हलतात, तिथे बोटं दाखवून सांगायचं. सुभेदाराला त्या दिवशी किती आनंद झाला म्हणून सांगू! दिनेश सुट्टीत आला की त्याच्यासमोर मला मुद्दाम मोठमोठ्या गोष्टी सांगायचा, आणि मी त्या बोलून दाखवायचो. दिनेश म्हणायचा, "काका, तुम्ही तर बाबांचा स्पीकर झालात." आम्ही पुन्हा खेळायला लागलो, अगदी आवाज न करता. सुभेदार तळहात वर करायचा, ओठ म्हणायचे "हटवा", आणि समोरच्या भाभीची स्कूटी जागच्या जागी उभी.

सुख तेवढंच. मानेला दुसरी गाठ आली आणि भराभर वाढली. दिनेश रजा काढून आला, रोज म्हणायचा, "बाबा, घाबरू नका, ही गाठ पण कटवून टाकू." पुन्हा इंदूर. या वेळी मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ऑपरेशन केलं तर कदाचित काही महिने मिळतील, कदाचित टेबलावरच जाईल. नाही केलं तर थोडे दिवस. संध्याकाळपर्यंत सही हवी.

दुपारी दिनेश खाली डॉक्टरांकडे गेला. मी खाटेजवळ बसलो होतो. सुभेदाराचा एक हात सलाईनच्या पट्टीला बांधलेला, दुसरा सुजून भोपळा झालेला. बोट हलत नव्हतं. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ हलले. एकच शब्द.

हटवा.

मी वाकून विचारलं, "घरी जायचं?" त्याने डोळे मिटले. नर्सने थोड्या वेळापूर्वी झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. पण मी ते मिटणं हो म्हणून घेतलं.

खरं सांगतो, मला तो हवा होता. कसाही. मुका, भोकाचा, अर्धा चिरलेला. कमल नाही, आणि आता हाही नाही, तर मी त्या बुऱ्हाणपुरात जाऊन करू काय? मी गप्प बसलो असतो तर दिनेशने सही केली असती आणि कोणाला काही कळलं नसतं. मी उठून खिडकीपाशी गेलो, परत येऊन बसलो. तेवढ्यात दिनेश कागद घेऊन आला.

"काका, साइन करून टाकू ना?"

"तुझा बाप म्हणाला, हटवा."

"मतलब?"

"चिरायचं नाही. घरी न्यायचं."

"पक्कं ना, काका? नीट पाहिलं ना तुम्ही?"

"ओठ बघण्यात जन्म गेला माझा, बेटा."

त्याने सुभेदाराचा खांदा हलवला. "बाबा. बाबा, एकदा सांगा ना." खूप वेळ हलवला. सुभेदार उठला नाही. दिनेशने कागद तसाच परत दिला आणि जिन्यात जाऊन लहान मुलासारखा रडला.

आम्ही त्याला घरी आणलं. त्यानंतर त्याने डोळे उघडले, पण ते कोणावर ठरले नाहीत. ओठ कोरडे, मी कापसाने पाणी लावायचो आणि बघत बसायचो. ते हलायचे, पण शब्द होत नव्हता. एका सकाळी तेही थांबलं.

तेराव्याला एक नातेवाईक ओट्यावर बसून दिनेशला कामं सांगत होता. बँकेत जा, दाखला काढा. "आणि हो, राशन कार्डातून बाबांचं नाव लवकर कटवा." दिनेशच्या हातातली पत्रावळ तशीच राहिली. तो माझ्याजवळ आला, अगदी समोर, मला तोंड दिसेल असा.

"काका, बाबा 'कटवा' तर नव्हते ना म्हणाले?"

ह आणि क ओठांवर दिसत नाहीत. ते घशात होतात. हटवा, कटवा, बघणाऱ्याला एकच. लूमवर असतो तर बोटं दाखवून विचारलं असतं.

मी म्हणालो, "नाही. तो कधीच कटवा म्हणायचा नाही. ऑपरेशनला तो चिरणं म्हणायचा. खेळात हुकूम द्यायचा तेव्हा हटवा म्हणायचा, तू ऐकलंय."

"पण मी तर रोज कटवाच म्हणत होतो ना त्यांच्यासमोर," दिनेश म्हणाला. "माझ्या शब्दाला उत्तर दिलं असेल तर?"

मी त्याच्या हातातली पत्रावळ घेतली आणि पंगतीत नेऊन ठेवली.

दिनेश वाईट पोरगा नाही. मला दोष देत नाही. जाताना शिपायांचे डबे माझ्या घरी ठेवून गेला, पाया पडला. पण त्याला झोप नाही. इंदूरहून व्हिडिओ कॉल करतो, कारण नुसत्या फोनवर मला ऐकू येत नाही. आधी तब्येत विचारतो. सुनेला दाखवतो. मग सून आत गेली की फोन तोंडाजवळ आणतो आणि आवाज न काढता ओठ हलवतो. एकदा. मग पुन्हा एकदा. एक हटवा असतं, एक कटवा. कोणतं आधी, ते मला सांगत नाही. आणि विचारतो, "कोणतं होतं, काका?"

मी चष्मा पुसून बघतो. फरक नाही. जरासुद्धा नाही.

"हटवा म्हणाला, बेटा," मी सांगतो. "मी पाहिलं ना."

त्याचा चेहरा तेवढ्यापुरता सैल होतो. "हो ना काका?" म्हणतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला कळतं, हे थांबणारं नाही, आणि मी नसलो तर त्याला उत्तर द्यायला दुसरं कोणी नाही. नाहीतर माझं इथे आता काय अडलंय? पण सकाळी उठतो, बीपीची गोळी घेतो, पोळी बळजबरीने खातो, आणि फोन चार्जिंगला लावून समोर बसतो.