माझी गावं, तिचं टूल

कोल्हापूरच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवते, तिथं आम्ही जिल्ह्यातल्या बोलीचे शब्द गोळा करतो. काम मीच सुरू केलं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं बिद्री, नेसरी, जयसिंगपूर असं फिरायचं, माणसांना बोलतं करायचं, फोनवर टिपायचं आणि घरी येऊन नोंदींच्या ॲपमध्ये एकेका शब्दाची नोंद करायची. प्रत्येक गावाचं वेगळं फोल्डर. आत काय कुठं आहे ते मलाच ठाऊक. विभागात कुणाला शब्द हवा असला की माझ्या टेबलाशी यावं लागे. मी मान वर न करता सांगायची, "नेसरीत बघा, खाली." ते मला फार आवडायचं.

मग ती आली. माझ्याहून बरीच लहान, नव्यानं लागलेली. रुळली तशी एक दिवस म्हणाली, "मॅडम, नोंदी विषयानं लावूया का? शेती, स्वयंपाक, नाती अशी खूण करायची प्रत्येक नोंदीला. एक टूल आहे, ते खुणा वाचून नोंदी आपोआप त्या त्या फोल्डरमध्ये हलवतं."

मी म्हणाले, "बघू." बघू म्हणजे नाही, हे तिला कळलं नाही.

तिनं विद्यार्थ्यांनी आणलेल्या नोंदी घेतल्या आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर टूल चालवलं. बघता बघता फोल्डर तयार झाले, नोंदी आपापल्या जागी जाऊन बसल्या. विभागप्रमुख सर हसत म्हणाले, "एवढं सोपं होतं? मग आपण इतकी वर्षं काय करत होतो?" त्यातलं 'आपण' म्हणजे मी. माझा चहा तसाच राहिला.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. "माझ्या गावांना हात लावायचा नाही."

"नाही लावत, मॅडम," ती म्हणाली, आणि माझे फोल्डर वगळण्याची सूचना तिनं तिथल्या तिथं टूलला देऊन टाकली. तिनं जरा भांडायला हवं होतं. मी मनात सगळी तयारी करून गेले होते.

त्यानंतर माझ्या टेबलाशी कुणी येईना. लोक थेट तिच्या फोल्डरमध्ये शोधायचे, नाही सापडलं तर तिला विचारायचे. मी पेपर तपासत बसल्यासारखं करायची आणि कान तिकडं.

सरांनीच आम्हा दोघींना नेसरीला धाडलं. तिथल्या एका अक्कांकडं मी कितीदा गेले होते. बाहेर सोप्यात, म्हणजे ओसरीवर, खुर्चीत बसायचं, फोन पुढं ठेवायचा, त्या बोलायच्या. माझ्या खास. त्यांनी तिला बघितलं आणि मला विचारलं, "ही तुमची ल्येक व्हय?"

"नाही, आमच्या कॉलेजात असते," मी म्हटलं.

तोवर ती चुलीपाशी पोचलीसुद्धा. "अक्का, मी करू भाकरी?" तिची भाकरी परातीतच चिरली, उचलताना मोडली. अक्का खदाखदा हसल्या. "आगं, तुझा दोष न्हाय. पिठाला इरीच न्हाय. जुनं हाय पीठ." इरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. मी बाहेर खुर्चीवर बसून ऐकलं. अक्कांकडं माझ्यासमोर हा शब्द कधी निघाला नव्हता, कारण मी कधी भाकरी मोडली नव्हती.

परतीच्या एसटीत तिनं फोन पुढं केला. "मॅडम, हा शब्द तुमच्या नेसरीत ठेवू?"

भीक घातल्यासारखं वाटलं. "तुझा शब्द आहे, तुझ्याकडं ठेव," म्हणाले आणि कागलपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

काही दिवसांनी मीच तिला माझे फोल्डर घ्यायला सांगितले. मोठेपणा नव्हता त्यात. कुणी विचारत नाही ते सहन होईना. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली, माझ्या नोंदींना विद्यार्थ्यांकडून खुणा करून घेतल्या, गावाचं नाव प्रत्येक नोंदीवर राहील असं बघितलं, मग टूल चालवलं. माझी गावं पांगली.

आणि ती ओरडली, "मॅडम, हे बघा!" स्वयंपाकाच्या फोल्डरमध्ये तिच्या 'इरी'खाली माझी एक जुनी नोंद येऊन बसली होती. बिद्रीची. 'पिठाची इरी गेली', पुढं प्रश्नचिन्ह. अर्थ न कळल्यानं मी ती तशीच सोडून दिली होती आणि विसरूनही गेले होते.

"सर, मॅडमनी हा शब्द माझ्या कितीतरी आधी टिपलाय!" तिनं सगळ्यांना ऐकवलं. मनापासून खूश झाली होती. मी हसले. पण माझ्याच नोंदीचा आनंद माझ्या आधी तिला व्हावा, हे मला टोचत राहिलं.

परवा अक्कांचा फोन आला. माझ्याच फोनवर आला, तेवढ्यानंही बरं वाटलं. आधी तब्येतीचं बोलल्या, मग म्हणाल्या, "नवीन पीठ दळून आणलंय. त्या पोरीला घिऊन या की."

"आणते," मी म्हटलं. तिला अजून सांगितलेलं नाही.