ऊटा म्हणजे उठा नव्हे

माझी शाळा एका शब्दाने बुडवली.
त्याच शब्दावर माझ्या बायकोने गावोगाव बालवाड्या उभ्या केल्या.

आज राधाला जाऊन वर्ष झालं.

नात म्हणते, आजोबा, मोबाइलवर एवढं लांब कोणी वाचत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, शुद्धलेखनाची धास्ती आहेच. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या कन्नड शाळेत माझा पहिला दिवस. घरात आम्ही फक्त मराठी बोलायचो. दुपारी मास्तर मोठ्याने म्हणाले, “ऊटा!”

मी उठलो.

बाकीची पोरं डबे उघडून जेवायला लागली. कन्नडमध्ये ऊटा म्हणजे जेवण, हे मला कोण सांगणार?
मी डबा हातात धरून उभा. मास्तर कन्नडमध्ये काहीतरी विचारत होते, तेही कळेना. सुट्टी संपली तरी मी उभाच.

त्या दिवसापासून पोरं मला ‘कंब’ म्हणू लागली. कंब म्हणजे खांब.
भीत भीत चौथीपर्यंत गेलो. मग शिलाई मशीनवर बसलो, तो कायमचा.

लग्नानंतर हे राधाला सांगितलं. ती बंगळूरजवळच्या येलहंक्याची, कन्नड शेजारात वाढलेली. आधी पोट धरून हसली.
मग हसणं थांबवून विचारलं,
“अहो, म्हणजे दिवसभर जेवलाच नाहीत?”

आठवड्याभरात माझ्या दुकानामागच्या खोलीत गल्लीतली तीन-चार वर्षांची पोरं गोळा झाली. शाळेच्या आधीची शाळा.

शेजारची अक्का म्हणाली, “पाळण्यातल्यांना शाळा? उद्या पोटातल्यांनाही घेशील!”
राधा म्हणाली, “घेईन की. तुझं कधी पाठवतेस?”

मला मात्र झोप नाही. मोजायला चिंचोके आणले होते तिने.
“कुणी चिंचोका गिळला तर?”
“गिळला तर झाड येईल. तुम्ही सावलीत बसा.”

तिची रीत सोपी होती. घरचा शब्द आधी, शाळेचा शब्द मागून. ती “उठा” म्हणाली की पोरांनी उभं राहायचं. “ऊटा” म्हणाली की बसून तोंडाशी हात न्यायचा. चुकेल त्याला सगळ्यांनी टाळ्या द्यायच्या. मार नाही, हसणं नाही.

पण घरमालकाला ती खोली पोती ठेवायला हवी होती. महिनाअखेर रिकामी करा म्हणाला.
तेव्हा सरकार राज्यात बालवाड्या उघडत होतं. राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं. सरकारने मान्यता दिली तरच खोली वाचणार होती.

एक मॅडम तपासणीला आल्या. चष्मा, कडक साडी, कडक चेहरा.
मी दारात उभा. घामाने सदरा ओला.

मॅडमनी मुलांना प्रेमाने विचारलं, “ऊटा आयिता?” म्हणजे, जेवण झालं का?

अर्धी मुलं ताडकन उभी राहिली.
अर्धी बसूनच “आयितु!” म्हणाली. म्हणजे, झालं.

मॅडम खूश. “किती शिस्त! मोठं माणूस बोललं की उभं राहतात. पण ही बसलेली मुलं अशी कशी?”

मी देवाचे आभार मानले. राधाला खुणा करत होतो, शाबासकी मिळतेय, गप्प घे!

ती कसली गप्प बसते.

“मॅडम, उलटं आहे. बसलेल्यांना तुमचं कन्नड कळलं, ती वर्षभर येतात. उभी राहिली ती नवी. त्यांनी मराठी ऐकलं. इथे आली नसती तर पहिलीत अशीच उभी राहून मार खाल्ला असता.”

मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं.
“हे बघा आमचे. पहिलीत उभे राहिले, अजून बसले नाहीत.”

मी खरोखर उभाच होतो हो!

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग हळूच म्हणाल्या, “हे दुसऱ्या टीचरना शिकवशील?”
“कन्नड स्वल्प चुकेल माझं.”
“चुकू दे. टाळ्या देऊ.”

खोली वाचली. दारावर बोर्ड लागला. पोती मालकाच्या घरातच राहिली!

मग राधा निघाली. पत्र्याची ट्रंक, चिंचोक्यांची पिशवी. कोलारकडे तेलुगू बोलणारी पोरं, बिदरकडे उर्दू, बेळगावकडे आपली. प्रत्येक गावात आयांना पहिला प्रश्न हाच, “तुमची पोरं कुठल्या शब्दाला अडतात?” त्या शब्दाचा तिथे खेळ व्हायचा.

मी बसस्टँडवर तिची वाट बघत. बस उलटली असेल, ट्रंक चोरली असेल, ही उपाशी असेल.
ती मात्र बसच्या खिडकीतूनच ओरडायची, “अहो, सुरू झाली! तिथलीपण सुरू झाली!”
सगळा स्टँड माझ्याकडे बघायचा. मला लाज वाटायची, आणि छाती अशी फुगायची की सदऱ्याचं बटण मीच पुन्हा लावायचो.

आज तिचं वर्षश्राद्ध. तिची पहिली पोरं आली होती. सगळ्यांचे केस पांढरे. पंगत बसली. मी नेहमीसारखा फिरत होतो, भात पुरेल का, सार आंबट झालं का.

आचारी वाढता वाढता म्हणाला, “ऊटा सरी इदेया?” जेवण बरं आहे ना?

सगळी पंगत ताडकन उभी राहिली.

आचारी घाबरून दोन पावलं मागे. मी ओरडलो, “अरे बसा, पानावरून मध्येच उठू नये!”
ती म्हातारी पोरं खो खो हसत होती. आणि टाळ्या देत होती.

त्यातली एक, आता स्वतः आजी झालेली, मला हाताला धरून रिकाम्या पानाकडे घेऊन गेली.
“अण्णा, ऊटा.”

मी बसलो.

राधा, पोटभर जेवलो. आता काळजी करू नकोस, ते खातं माझ्याकडे आहे.
तुला तुझ्या खांबाचा नमस्कार.