सराट्याचा काढा

त्या दुष्काळात बेंबळीच्या आमच्या शिवारात हिरवं म्हणावं असे सराटेच उरले होते. जमिनीला धरून पसरलेले, काटेरी. माय पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. तिच्या डाव्या कुशीत कळ उठली तेव्हा चुलती पदरात सराटे घेऊनच आली.

"मुतखडा हाय. हे कुटायचे, हुलग्यासंगं उकळायचे आन् तांब्याभर प्यायचं. खडा विरघळून जातोय."

मी उस्मानाबादला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, म्हणून मला हे ठाऊक असणार असं सगळ्यांना वाटे. ठाऊक नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या सरांना भीत भीत विचारलं.

"सराट्यानं लघवी वाढते असं वैद्य सांगतात," सर म्हणाले. "पण खडा विरघळतो, हे माणसांवर नीट तपासलेलं माझ्या तरी वाचनात नाही. पाणी भरपूर पिऊ दे. आणि एक्स-रे काढा."

शनिवारी घरी गेले तर माय काढा आटवत बसली होती. पातेल्याच्या तळाशी काकवीसारखं काळं काहीतरी उरलं होतं.

"माय, एवढं का आटवलंस? काकी तांब्याभर म्हणाली होती."

"तांब्याभर पिऊन जाऊ कुठं? तलावावर आडोशाला झुडूप तरी राहिलंय का? चहूकडं गडीमाणसं. आटवलं की सत उतरतं, दोन घोट पुरं." मग हसली. "आन् कॉलेजवाल्या बाई, कळ थांबली की! परवापासनं दुखत न्हाय."

"सांग तुझ्या सरांला," चुलती म्हणाली.

मलाही हायसं वाटलं. तिचा हात हातात घेतला, तर तो भाजत होता. जेवताना तिला हुडहुडी भरली.

दुसऱ्या दिवशी दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिला एस.टी.नं दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं, "दुखायचं कधी थांबलं?"

दादांनी आनंदानं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत.

"खडा तिथंच आहे. लघवीची वाट बंद होऊन किडनी मंदावली, तरी कळ थांबते. त्यात हा ताप, म्हणजे आत पू असणार. आजच उघडावं लागेल. किडनी वाचेल का, सांगता येत नाही."

बाहेर बाकावर माय पदर सावरून निघायच्या तयारीत बसली होती. "अवो, काय म्हनले डाक्टर? मला दुखत न्हाय आता. घरी चला की."

दादांनी तिच्याकडं पाहिलं नाही. नर्सनं ऑपरेशनच्या संमतीसाठी पुढं केलेल्या शाईत त्यांनी अंगठा बुडवला.